शाबाखचे लोहारघर

ऱ्हाइन, मोझेल आणि नाहे या नद्यांच्या मधोमध हुन्सरुकचे डोंगराळ पठार आहे. तिथल्या मोरबाख गावात १९३२ साली चित्रपट दिग्दर्शक एडगर राइट्झ यांचा जन्म झाला. १९७९च्या जानेवारीत पश्चिम जर्मनीच्या दूरचित्रवाणीवर ‘होलोकॉस्ट’ ही अमेरिकी मालिका दाखवली गेली. आपला इतिहास परक्यांनी बेतलेल्या भावनाट्यातून सांगितला जावा, हे राइट्झना खटकले. त्यांचे उत्तर १९८४ साली आले: ‘हाइमाट’, अकरा भागांचा, सुमारे साडेपंधरा तासांचा चित्रपट.

शाबाख हे त्यातले गाव नकाशावर नाही. चित्रीकरण मुख्यतः वोपेनरोथमध्ये झाले, तर सिमोन कुटुंबाचे लोहारघर गेल्वायलरमधले. अनेक भूमिका गावकऱ्यांनीच केल्या आणि संवाद हुन्सरुकच्या बोलीत ठेवले. काळ १९१९ ते १९८२. पहिल्या महायुद्धातून पाउल सिमोन पायी घरी येतो आणि एक शब्दही न बोलता वडिलांच्या कामाला हात लावतो. त्याला रेडिओ बनवण्याचा नाद लागतो, मारियाशी लग्न होते, दोन मुलगे होतात. आणि १९२८ साली तो कुणालाही न सांगता घरातून निघतो आणि अमेरिका गाठतो. तिथून पुढे कथा मारियाची. मारिटा ब्रॉयर या एकाच अभिनेत्रीने तिची तरुणपणापासून म्हातारपणापर्यंतची सगळी वये उभी केली.

राजकारण या गावात मागच्या दाराने शिरते. नाझी राजवट येते ती नव्या टेलिफोनसोबत, डोंगरमाथ्यावरून जाणाऱ्या हमरस्त्यासोबत आणि गणवेशाच्या मिरवण्यासोबत. लोकांना ते दिवस भरभराटीचे वाटतात, आणि राइट्झ ते तसेच दाखवतात. ज्यूंचा संहार मात्र कथेच्या कडेला राहतो. यावर तेव्हाच टीका झाली. गावाला जेवढे दिसले तेवढेच दाखवायचे, हे धोरण प्रामाणिक खरे. पण गावाने काय काय पाहायचे टाळले, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

चित्रे कधी कृष्णधवल, कधी रंगीत. त्यामागे ठरावीक नियम शोधू जावे तर हाती काही लागत नाही. प्रत्येक नव्या भागाआधी गावातला ग्लासिश जुने फोटो पुढे ठेवून मागची हकिगत सांगतो. नात्यांचा गुंता पाहता त्याची गरजच होती.

पुढे १९९२ साली ‘दुसरे हाइमाट’ आले. मारियाचा धाकटा मुलगा हेरमान संगीत शिकायला म्युनिकला जातो, ती ही कथा. २००४ सालचा तिसरा खंड बर्लिनची भिंत पडल्यापासून २०००पर्यंतचा काळ सांगतो. २०१३ सालच्या चित्रपटात राइट्झ उलटे मागे, १८४०च्या दशकात गेले. तेव्हा उपासमारीमुळे हुन्सरुकची कुटुंबेच्या कुटुंबे ब्राझीलला जात होती. दक्षिण ब्राझीलमध्ये त्यांची बोली आजही टिकून आहे. सिमोनांचा पूर्वज याकोब पुस्तकांतून तिथल्या आदिवासींच्या भाषा शिकतो आणि निघायची स्वप्ने पाहतो. जहाजावर चढतो तो त्याचा भाऊ गुस्टाव. याकोब गावातच राहतो.