आंबा घाटाआधीचे सात तास

मावसभावाची पिकअप जुनी. चार सिलिंडरचं डिझेल इंजिन, ब्लॉक बिडाचा, हेड अ‍ॅल्युमिनिअमचं. एप्रिलात हापूसच्या पेट्या घेऊन ती रत्नागिरीहून कोल्हापूरला निघाली आणि आंबा घाटात बसली. इंजिन घाटाने खाल्लं, असं घरात सगळे म्हणतात. मला ते पटत नाही.

सकाळी ६. सात तास बाकी.
पेट्या भरून झाल्या. गाडीखाली हिरवट थेंब, गोडसर वास. हेडमध्ये आट्यांवर बसणारा, हीटरच्या पाइपाचा प्लॅस्टिकचा एल्बो तडकलेला. वर्षानुवर्षं तापून-निवून हे प्लॅस्टिक ठिसूळ होतं. आंबा थांबत नाही, म्हणून गाडी निघाली.

६:५०. पाली.
पाइप जरा हलवून पाहिला आणि एल्बो तुटला. निम्मा पाइपात राहिला, निम्मा हेडच्या आट्यांत. गॅरेज उघडेपर्यंत वाट पाहणं आलं.

९:३०. साडेतीन तास बाकी.
खरा घात इथे झाला. मिस्त्रीने अडकलेला तुकडा स्क्रू ड्रायव्हर आणि हातोडीने ठोकून काढला. तुकडा निघाला, पण अ‍ॅल्युमिनिअमचे मऊ आटे चेपले आणि प्लॅस्टिकचा चुरा आत पाण्याच्या वाटेत पडला. असा तुकडा ठोकायचा नसतो. हॅकसॉच्या पात्याने त्याला आतून, आट्यांना न लागता, दोन-तीन चिरा पाडायच्या. मग तो पक्कडीने आत मिटतो आणि अलगद बाहेर येतो. त्यानंतर टॅपला ग्रीस लावून हाताने आटे साफ करायचे, म्हणजे कचरा ग्रीसला चिकटून निघतो, आणि पितळी एल्बो बसवायचा. सगळं मिळून तासाभराचं काम. इथे मात्र नवा प्लॅस्टिकचाच एल्बो चेपलेल्या आट्यांत दाबला, वरून एपॉक्सी थापलं आणि रेडिएटरमध्ये नळाचं पाणी ओतलं. आत अडकलेली हवा कोणी काढली नाही.

११. दोन तास बाकी.
इंजिन दहा मिनिटं जागेवर चालवलं. थेंब नाही. "दादा, बिनधास्त घाट चढा." पण जागेवर चालणाऱ्या इंजिनात पाण्याचा दाब पुरता चढतच नाही. तो चढतो ओझ्याखाली. हातपंपाने दाब देऊन पंधरा मिनिटं काटा पाहिला असता, तर एपॉक्सीने तिथेच हार मानली असती.

१२. साखरपा.
रेडिएटरला जोडलेली पाण्याची बाटली भरलेली दिसली, म्हणून भाऊ निश्चिंत झाला. गळती असली की इंजिन निवताना बाटलीतलं पाणी मागे ओढलं जात नाही. बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा, असं सहज होतं.

१२:२५. घाट सुरू.
दुसरा गिअर, भर उन्हाचा चढ. तापमानाचा काटा पाऊणच्या वर गेला. झाकणाचा दाब टिकला तर पाणी ११५ अंशांच्या पुढेच उकळतं. दाब गेला की शंभरच्या आसपास. एपॉक्सी सुटलं होतं.

१२:४०. वीस मिनिटं बाकी.
काटा अचानक खाली आला. भावाला हायसं वाटलं. या क्षणाचा विचार आला की अजून माझा जीव कळवळतो. सेन्सरला पाणी लागतं. पाणी संपलं, सेन्सर उघडा पडला आणि काटा खोटं बोलू लागला. त्या वेळी हीटर लावला असता तर गार वारा आला असता आणि सगळं उमगलं असतं.

१२:५०.
ठोके, पांढरा धूर. गाडी उभी राहिली.

१.
मदतीला थांबलेल्या एका भल्या माणसाने गार पाण्याच्या दोन बाटल्या दिल्या. वाफ विरलेली, झाकण सैल. पाणी आत गेलं आणि हेड चिरलं. अ‍ॅल्युमिनिअम बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. आधीच वाकलेल्या हेडला तो गार फटका सोसला नाही.

कोल्हापुरात हेड उतरवलं, तेव्हा दोन व्हॉल्व्हच्या मध्ये चीर होती आणि गॅस्केट जळालेलं. पेट्या दुसऱ्या गाडीने गेल्या, उशिरा, पडेल भावात. जुनी पिकअप चालवणाऱ्यांना हात जोडून सांगतो: पाण्याचा काटा चढावर अचानक उतरला, तर त्याच क्षणी इंजिन बंद करा, निदान पाऊण तास झाकणाला हात लावू नका, आणि एपॉक्सीच्या भरवशावर घाट चढू नका.