केळीबागांचे थंडीपासून संरक्षण

केळी हे उष्ण व दमट हवामानाचे पीक आहे. ज्या प्रदेशात हिवाळ्याच्या रात्री थंड असतात, तेथे उघड्यावरील केळीबागांना थंडीपासून जपावे लागते. महाराष्ट्रात हा प्रश्न प्रामुख्याने जळगाव जिल्ह्यात आणि मराठवाड्यातील नांदेड, हिंगोली व परभणी या जिल्ह्यांत उद्भवतो. येथील थंडीने केळीचे झाड सहसा मरत नाही. हानी होते ती घडाची, आणि पर्यायाने वर्षभराच्या उत्पन्नाची.

हिंगोली जिल्ह्यातील स्थिती

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. जिल्ह्यातील केळी मुख्यतः वसमत व कळमनुरी तालुक्यांत होते. वसमत तालुक्यातील गिरगाव व कुरुंदा आणि कळमनुरी तालुक्यातील डोंगरकडा हा परिसर केळीसाठी ओळखला जातो. हा पट्टा नांदेड जिल्ह्यातील अर्धापूरच्या केळीक्षेत्राला लागून आहे. येलदरी व सिद्धेश्वर धरणांच्या पूर्णा प्रकल्पामुळे वसमत भागात बागायतीला पाणी मिळाले.

समुद्रापासून दूर असलेल्या या पठारी प्रदेशात डिसेंबर व जानेवारीत हवा कोरडी आणि आकाश निरभ्र असते. दिवसा तापलेली जमीन रात्री आपली उष्णता वेगाने बाहेर टाकते व पहाटे तापमान १० अंश सेल्सिअसच्या खाली येते. आभाळ भरून आले, की हीच थंडी एका रात्रीत मोडते. थंड हवा जड असल्याने उतारावरून वाहत सखल भागात साचते. पाण्याच्या सोयीमुळे बागा बहुधा ओढ्याकाठी व नदीकाठच्या काळ्या जमिनीत असतात; त्यामुळे माळरानापेक्षा त्यांनाच थंडी अधिक बाधते.

झाडावरील परिणाम

केळीची वाढ २६ ते ३० अंश तापमानात उत्तम होते. १६ अंशांच्या खाली ती मंदावते आणि १० अंशांच्या आसपास नवे पान येणे जवळपास थांबते. पाने पिवळी पडून कडांनी करपतात आणि कोवळा पोंगा उलगडत नाही. खानदेशात या विकृतीला ‘चरका’ म्हणतात.

झाड कोणत्या अवस्थेत थंडीत सापडते, यावर नुकसान अवलंबून असते. केळीचे खोड हे खरे खोड नसून पानांच्या देठांचे एकात एक गुंडाळलेले आवरण असते. खरे खोड म्हणजे जमिनीतील कंद. लहान झाडाचा वाढीचा कोंब या कंदातच सुरक्षित असतो. म्हणून पाने जळाली तरी झाड पुन्हा फुटते. फुलोऱ्याची निर्मिती सुरू झाल्यावर मात्र हा कोंब आभासी खोडातून वर सरकू लागतो. त्या काळात थंडी पडल्यास फण्या कमी व वेड्यावाकड्या येतात. निसवणीच्या वेळी थंडी असल्यास देठ पुरेसा लांबत नाही आणि घड खोडाच्या तोंडाशीच अडकतो. पोसत असलेल्या घडातील फळांच्या सालीखालचा चीक गोठून तेथे तपकिरी रेषा पडतात व पिकल्यावर फळाला पिवळाधमक रंग येत नाही. अशा मालाला व्यापारी भाव पाडून मागतात. काढलेली केळीही १३ अंशांहून कमी तापमानात ठेवल्यास काळी पडते.

उपाय

सर्वांत प्रभावी उपाय लागवडीच्या वेळेचा आहे. जून-जुलैमध्ये लावलेली मृगबाग साधारण सात-आठ महिन्यांनी, म्हणजे थंडी ओसरताना निसवते. लवकर वाढलेली झाडे व खोडव्यातील काही झाडे मात्र ऐन डिसेंबर-जानेवारीत निसवतात आणि त्यांनाच जास्त जपावे लागते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लावलेल्या कांदेबागेतील ऊतिसंवर्धित रोपांवर क्रॉप कव्हर घालतात.

उभ्या बागेत रात्री किंवा पहाटे पाणी देणे ही जुनी रीत आहे. विहिरीचे पाणी हवेपेक्षा उबदार असते आणि ओली जमीन दिवसाची उष्णता अधिक साठवते. शेतीपंपांच्या रात्रीच्या वीजपाळीबद्दल शेतकऱ्यांची एरवी तक्रार असते; थंडीच्या दिवसांत ती पाळी येथे उपयोगी पडते. ठिबकवर भिजणारा भाग थोडा असल्याने त्याचा परिणाम मोकळ्या पाण्यापेक्षा कमी असतो.

पहाटे बांधावर पालापाचोळा पेटवून धूर केला जातो. धूर पांघरुणासारखा बागेवर राहतो, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात धुरामुळे जमिनीची उष्णता फारशी अडत नाही. आगीची ऊब आणि तिच्यामुळे होणारी हवेची घुसळण यांचा उपयोग अधिक होतो. म्हणून एका मोठ्या जाळापेक्षा ठिकठिकाणी लहान शेकोट्या करणे बरे. याशिवाय उत्तरेकडील वाऱ्याच्या बाजूस शेवरी किंवा गजराज गवताचा पट्टा लावणे, बुंध्याशी वाळलेल्या पानांचे आच्छादन करणे, निंबोळी पेंड देणे व घडांवर सच्छिद्र प्लॅस्टिक पिशव्या चढवणे हे उपाय केले जातात. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे केळी संशोधन केंद्र नांदेड येथे आहे.

पीकविमा

हवामान आधारित फळपीक विमा योजनेत महाराष्ट्रातील केळीसाठी कमी तापमान हा एक धोका धरलेला आहे. १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर या काळात किमान तापमान सलग तीन दिवस ८ अंश किंवा त्याहून कमी राहिल्यास भरपाई देय होते. नोंद महसूल मंडळातील स्वयंचलित हवामान केंद्राची धरतात. मात्र केळीला इजा ८ अंशांच्या बरीच आधी सुरू होते. शिवाय केंद्र उंचावर आणि बाग ओढ्याकाठी असल्यास दोन्हींच्या तापमानांत फरक पडतो. दोन रात्री कडाक्याच्या जाऊन तिसऱ्या दिवशी पारा ९ अंशांवर चढला, तर नुकसान होऊनही अट पूर्ण होत नाही.

इतर प्रदेश

मोरोक्को व तुर्कस्तानात केळी मोठ्या प्रमाणावर हरितगृहांत घेतात. ब्रिटनमध्ये ‘मुसा बसजू’ ही मूळची दक्षिण चीनमधील काटक जात बागांमध्ये शोभेसाठी लावतात. हिवाळ्यापूर्वी तिची पाने छाटून खोडाभोवती पेंढा गुंडाळला जातो. खोड गोठले तरी वसंतात कंदातून नवे कोंब येतात. तेथे पानांची शोभा पुरेशी असते. फळासाठी केळी लावणाऱ्याला ही पद्धत उपयोगाची नाही, कारण खोड गेले की त्यासोबत त्या हंगामाचा घडही जातो.