टाचेच्या भेगा आणि रातांब्याची बी

महाड-पोलादपूरकडे टाचांना भेगा पडायचा हंगाम ठरलेला असतो. पावसाळ्यात पायांचं दुखणं वेगळं. आषाढ-श्रावणात लावणीच्या चिखलात दिवसदिवस वाकून उभं राहायचं, मग बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, कातडी पांढरी पडून सुटायला लागते. टाच मात्र तेव्हा मऊ असते. नवरात्र उलटतं, भात कापणीला येतं आणि तीच टाच सुकून उकलायला लागते. ऑक्टोबरचं दुपारचं ऊन, पहाटे सह्याद्रीवरून उतरणारा गार वारा, कडक झालेली खाचरं आणि त्यांतली टोकदार धसकटं, हे सगळं एकदम पायांवर येतं. मार्गशीर्षात टाच टेकवता येत नाही म्हणून चवड्यावर चालणारी बाई आमच्या प्रत्येक वाडीत असायची.

पोलादपूर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत मी नोकरीची सगळी वर्षं शिकवलं. या भागाचा इतिहास मुलांना सांगताना रायगड येतो, तानाजी मालुसऱ्यांचं उमरठ येतं, शिवथरघळ येते, महाडचं चवदार तळं येतं. हे सगळं मी मनापासून शिकवलं. पण प्रार्थनेला रांगेत उभ्या असलेल्या मुलांचे पाय समोर दिसायचे, पालकसभेला आलेल्या आयांच्या टाचा दिसायच्या, आणि वाटायचं, या पायांचाही इतिहास आहे. तो कुठल्या पुस्तकात नाही. निदान त्यांच्या औषधाची तरी नोंद राहावी, म्हणून हे लिहिते आहे.

भेग टाचेलाच का पडते, ते आधी सांगते. तळपायाच्या कातडीत घाम येतो, पण तेल सोडणाऱ्या ग्रंथी तिथे नसतात. त्यामुळे बाकीच्या अंगासारखी ती आपोआप तुकतुकीत राहत नाही. अनवाणी चालून टाचेच्या कडेला कातडी जाड होत जाते. उभं राहिलं की अंगाचा भार टाचेवर येतो, टाचेचा मऊ भाग बाजूंना पसरतो आणि वरची कोरडी जाड कातडी ताणली न गेल्यामुळे फाटते. डोक्यावर भाऱ्याचं ओझं असेल तर ती आणखी खोल फाटते. मग त्यात माती जाते, चालताना रक्त येतं, रात्री ठणका लागतो. याला आमच्याकडची जुनी माणसं जळवात म्हणायची.

हे दुखणं फार जुनं आहे. सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांच्या यादीत पाददारी दिलेली आहे आणि कारणही दिलं आहे: फार चालणाऱ्याच्या कोरड्या पायांत वायू शिरतो आणि भेगा पाडतो. त्याच यादीत कदर आहे, म्हणजे आपलं कुरूप; खडा किंवा काटा रुतून होणारं. पाददारीवरचा लेपही तिथे आहे. त्यात मधमाशांचं मेण, चरबी, राळ, तूप आणि गेरू येतात. औषधांची नावं बाजूला ठेवली तर कृती अगदी सोपी आहे. पाय शेकून मऊ करायचा आणि भेगेत असं काही भरायचं की जे वितळून आत जाईल आणि तिथेच घट्ट बसेल. आमच्या डोंगरातल्या बायकांनी ग्रंथ वाचले नव्हते. पण त्यांचं औषधही याच रीतीचं होतं, फक्त त्यांनी ते आपल्या परसातल्या झाडापासून केलं.

चालणं तर या भागाच्या नशिबीच होतं. महाड हे सावित्री-गांधारीच्या काठचं बाजाराचं गाव. खाली दासगावचं बंदर, वर वरंध घाटानं भोर आणि पार घाटानं जावळी-वाई. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी महाबळेश्वराला जाणारा फिट्झगेराल्ड घाट बांधला. तोच आजचा आंबेनळी. गाडीरस्ता झाला तरी गाडी कुणाकडे होती? तांदूळ, मीठ, सुकी मासळी, लाकूडफाटा डोक्यावर घेऊन माणसं पायवाटेनंच चढत-उतरत राहिली. मुंबईला कामाला निघालेला माणूसही आधी बंदरापर्यंत पायीच जायचा.

पायात काय असायचं, हे जातीवर ठरत असे. महाडच्या वेशीवर चांभारखिंड आहे, तिच्या माथ्यावर चांभारगड आहे. चामड्याचं काम करणाऱ्या माणसांचं नाव असं डोंगरावर कोरलेलं. पण अस्पृश्य मानलेल्या जातींच्या माणसांना अनेक गावांत वरच्या जातींच्या आळीतून पायात वहाण घालून जाण्याची मुभा नव्हती. दुसऱ्यासाठी चपला शिवणाऱ्यांचीच टाच उघडी राहायची. १९ आणि २० मार्च १९२७ला महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागून लोक चवदार तळ्यावर गेले, तेव्हा गावोगावची ही चालून चालून फुटलेली पावलंच पाण्यात उतरली. त्याच वर्षी डिसेंबरच्या परिषदेत बाबासाहेबांनी बायकांना सांगितलं की लुगडं वरच्या वर्गातल्या बायकांसारखं नेसा, अंगावरचे जात दाखवणारे दागिने टाका. तोवर आखूड नेसलेल्या लुगड्याखालचे उघडे पोटरी-पाय पाहूनच बाई कोणत्या वस्तीतली हे ओळखू यायचं. टाचेची भेग ही नुसती कातडीची गोष्ट नव्हती, हे मला महाडच्या इतिहासानं शिकवलं.

आता औषधाकडे येते. आमच्या घरामागे रातांब्याची, म्हणजे कोकमाची, दोन झाडं होती. एप्रिल-मेमध्ये रातांबे पिकायचे. साल मिठाच्या पाण्यात बुडवून उन्हात घालायची, त्याचं आमसूल. आतला गर आणि बिया वेगळ्या व्हायच्या. एका फळात चार-सहा बिया. आजी त्या बिया फेकू द्यायची नाही. चुलीतली राख लावून चोळायची, म्हणजे गराचा चिकटपणा जायचा. मग पाऊस पडायच्या आत खणखणीत वाळवून मडक्यात भरून माळ्यावर ठेवायची. लावणी, बेणणी, गणपती, नवरात्र सगळं होऊन जाईपर्यंत मडकं वरच असायचं.

कापणी तोंडावर आली की एका दुपारी ते खाली यायचं. बिया दगडावर ठेवून लाकडी ठोकणीनं फोडायच्या, टरफल पाखडून काढायचं. आतला गर पाट्यावर पाण्याचा हात लावत वाटायचा. वाटताना तो हाताला लोण्यासारखा लागतो. हा गोळा मोठ्या पातेल्यात भरपूर पाण्यात टाकून मंद आचेवर उकळत ठेवायचा. तासाभरात वर तवंग यायला लागतो. चोथा खाली बसतो, पाणी तपकिरी होतं आणि तेल वर पिवळट रंगात तरंगतं. पातेलं उतरवून रात्रभर तसंच ठेवायचं. सकाळी पाण्यावर फिकट रंगाची जाड साय घट्ट धरलेली असायची. ती काढून पुन्हा वितळवायची, फडक्यातून गाळायची आणि कोमट असताना मुठीत दाबून तिचे लांबट गोळे करायचे. हे मुठेल. गावागावात त्याला कोकमतेलही म्हणतात. मडकाभर बियांतून ओंजळीत मावतील इतकेच गोळे निघायचे. त्यासाठी लागलेले हात सगळे बायकांचे.

रात्री जेवणं आटोपली की पायांचं काम सुरू व्हायचं. आधी घंगाळात सोसेल इतकं गरम पाणी, त्यात मीठ. पाय भिजले की न्हाणीतल्या खरखरीत दगडानं टाच घासायची, रक्त येईल इतकं नाही, वरची मेलेली कातडी निघेल इतकंच. मग पाय कोरडा पुसायचा. आजी मुठेलाचा गोळा चिमट्यात धरून निखाऱ्यावर न्यायची. कड वितळून थेंब सुटायला लागला की तो बरोबर भेगेत सोडायची. “हलू नको, गरम हाय,” एवढंच म्हणायची. थेंब आत जायचा, क्षणभर चरचरायचं आणि बघता बघता तो भेगेतच पांढरा होऊन बसायचा. वरून जुनेराची पट्टी. चार-पाच रात्रींत ठणका जायचा, पंधरवड्यात भेग आतून भरून यायची.

याचं कारण मला पुढे कळलं. खोबरेल २४ अंशांच्या आसपासच पातळ होतं, म्हणून लावल्यावर ते अंथरुणाला पुसलं जातं. कोकमाचं तेल वितळायला साधारण ३८ ते ४२ अंश लागतात. टाचेची कातडी त्याहून गार असते. म्हणून गरम करून सोडलेलं मुठेल भेगेत थिजतं, कातडीतली ओल उडू देत नाही आणि मातीही आत जाऊ देत नाही. १८७४मध्ये लंडनला प्रसिद्ध झालेल्या फ्लुकिगर आणि हॅनबरी यांच्या ‘फार्माकोग्राफिया’ या औषधी द्रव्यांवरच्या ग्रंथात कोकमतेलावर वेगळं टिपण आहे. बिया कुटून, पाण्यात उकळून, वर आलेलं तेल काढायची रीत त्यातही सांगितलेली आहे. लंडनच्या विद्वानांनी जे टिपून घेतलं, ते कोकणातल्या चुलीवर आधीपासून चाललेलं होतं.

सगळ्यांच्या परसात रातांबा नव्हता. त्यांच्यासाठी मेण असायचं. कातकरी माणसं डोंगरातली पोळी काढून मध विकायला येत, त्यांच्याकडचं मेण तिळाच्या तेलात वितळवलं की चांगलं घट्ट मलम व्हायचं. महाडच्या काष्ठौषधीच्या दुकानातून आणलेली राळ कुटून त्यात घालत. बिब्ब्याचं तेलही भेगेत भरत, पण ते जहाल. जरा इकडेतिकडे लागलं की कातडी उतते, फोड येतात. त्याचे डाग मी अनेक पायांवर पाहिले आहेत. तो उपाय कुणी करू नये.

मग हळूहळू सगळं बदललं. मुंबईला गिरणीत असलेले मुलगे गणपतीला येताना व्हॅसलीनची बाटली आणू लागले. मधमाशांच्या मेणाच्या जागी दुकानातली मेणबत्ती आली. तिचा तुकडा खोबरेलात वितळवून टाचेला लावायची रीत घरोघर रुजली. पुढे राळ-खोबरेलाची तयार मलमं मिळू लागली. शेणानं सारवलेल्या जमिनी जाऊन कोबा आला, मग लाद्या आल्या. हवाई चप्पल सगळ्यांच्या पायात आली. ही फार मोठी गोष्ट झाली, काट्या-विंचवापासून पाय वाचला. पण भेगा गेल्या नाहीत. मागून उघड्या चपलेत टाच तशीच पसरते, तशीच सुकते. गेली ती रात्रीची पायांची अर्धी घटका. पूर्वीही घरातल्या सगळ्यांच्या टाचा झाल्यावर बाईची पाळी यायची. आता तर तिची पाळी येतच नाही.

घरच्या औषधाला मर्यादा आहे, तेही ठासून सांगायला हवं. मधुमेहाच्या माणसाला पायाची संवेदना कमी झालेली असते. त्याला गरम पाणी किती गरम आहे कळत नाही, थेंबाचा चटका कळत नाही. त्यानं निखाऱ्यावरचं काही लावू नये, ब्लेडनं कातडी तासू नये, भेग लाल झाली किंवा पू आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. कुष्ठरोगातही पाय बधिर होतो. भिजवा, घासा, तेल लावा ही शिकवण आमच्या आजीची होती तशीच कुष्ठरोग्यांसाठी काम करणाऱ्यांचीही आहे. पनवेलजवळ नेऱ्याच्या शांतिवनासारख्या संस्थांनी अशा माणसांना आधार दिला. सरकारी दवाखान्यांतून त्यांना मऊ रबराच्या तळाच्या चपला दिल्या जातात. आणि पुराच्या दिवसांत, महाडला तो किती भरतो हे २०२१च्या जुलैत सगळ्यांनी पाहिलं, उघड्या भेगा घेऊन पाण्यात उतरू नये. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू अशाच फटीतून शिरतात. गमबूट नसतील तर निदान भेगा झाकून घ्याव्यात.

आज कोकमाचं तेल शहरातल्या दुकानांत छोट्या डबीतून मोठ्या भावानं मिळतं. लिपस्टिकपासून साबणापर्यंत त्याला मागणी आहे. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं सुधारित जाती दिल्या. आमचं रायगड त्या मानांकनात नाही. पण रातांबा आमच्या परसातही आहे, आणि सरबतासाठी फळं फोडली की बिया उकिरड्यावर जातात. ज्याची मलमं आपण विकत आणतो ते आपणच फेकून देतो, याचं मला वाईट वाटतं. बचतगटांनी ठरवलं तर एका हंगामात वाडीभर टाचांना पुरेल इतकं मुठेल होईल.

तेव्हा यंदाच्या मे महिन्यात बिया टाकू नका. राख लावून वाळवा, मडक्यात भरा, कापणीपर्यंत राखून ठेवा. हे काम येणाऱ्या बायका आता सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांना शेजारी बसवून कृती विचारा, वहीत उतरवून घ्या. आणि पहिला गोळा तयार झाला की तो आधी त्यांच्याच टाचांना लावा.