हवेतलं पाणी : गिरण्यांपासून ए.एच.यू.पर्यंत

आजचा विषय तसा रुक्ष वाटेल. सभागृह, हॉटेल, बँक अशा इमारतीसाठी एअर हँडलिंग युनिट, म्हणजे ए.एच.यू., कसं निवडायचं? पण वेळणेश्वरच्या किनाऱ्यावर बसून हा विषय काढला की तो थेट इतिहासात शिरतो. कारण या यंत्राचा जन्म गारव्यासाठी झालेला नाही, तो हवेतल्या पाण्यासाठी झाला.

आधी मुंबईकडे बघू. १८५४ साली कावसजी दावर यांनी तिथे कापडगिरणीची स्थापना केली. पुढे गिरणगाव उभं राहिलं. बंदर, भांडवल, कापसाचा व्यापार ही कारणं आपल्याला ठाऊक आहेत. पण समुद्राची दमट हवाही गिरणीच्या पथ्यावर पडणारी होती. कोरड्या हवेत सूत तुटतं, ओलाव्यात टिकतं. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये नागपूरला एम्प्रेस मिल सुरू केली, तेव्हा विदर्भाच्या कोरड्या हवेशी गाठ होती. तिथे हवेत ओलावा घालणारी यंत्रं बसवावी लागली. सुताला मानवणारी ती हवा कामगाराला मात्र मानवत नव्हती. उष्म्यात घाम वाळेना. हवा नेमकी कुणासाठी तयार करायची, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

आता १९०२. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात एका छापखान्याची अडचण होती. दमट हवेत कागद फुगायचा आणि एका रंगावर दुसरा रंग नीट बसायचा नाही. विलिस कॅरियर नावाच्या पंचविशीतल्या इंजिनिअरने थंड पाण्याच्या नळ्यांवरून हवा फिरवली. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम सुटतो ना? तेच तत्त्व. हवा दवबिंदूच्या खाली थंड केली की पाणी सोडते. ‘एअर कंडिशनिंग’ हा शब्द १९०६ मध्ये स्टुअर्ट क्रेमर यांनी वापरला, तोही कापडगिरण्यांच्या संदर्भात. माणसांच्या सुखासाठी ही हवा आपल्याकडे आली ती नंतर. मुंबईचं रीगल चित्रपटगृह १९३३ मध्ये उघडलं, ते वातानुकूलित होतं.

आता परत वेळणेश्वरला येऊ. चाळीस माणसांचं सभागृह धरा. माणशी सेकंदाला ७ लिटर ताजी हवा घेतली, तर तासाला साधारण १००० घनमीटर हवा बाहेरून आत येणार. पावसाळ्यात बाहेर ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रता धरू. आत २५ अंश आणि ५५ टक्के हवी आहे. हिशेब मांडला तर या ताज्या हवेतून तासाला जवळजवळ साडेतेरा लिटर पाणी काढावं लागतं. म्हणजे दर तासाला एक कळशीभर! नुसत्या या पाण्यापायी अडीच टनांहून जास्त क्षमता खर्ची पडते. माणसांचा घाम, दिवे, भिंतींतून येणारी उष्णता हे सगळं वेगळंच.

इथेच निवड चुकते. चौरस फुटांवरून टन काढायचे, वर ‘असू दे जास्तीचे’ म्हणून मोठं यंत्र घ्यायचं. असं यंत्र खोली झटकन गार करतं, थर्मोस्टॅट त्याला थांबवतो, आणि पाणी हवेतच राहतं. खोली गार पण ओलसर. आम्ही किनाऱ्यावरच्या एका वाचनालयात हे पाहिलंय. ए.सी. उत्तम चालू होता आणि पुस्तकांच्या पाठीवर बुरशी होती. ती पुस्तकं पुन्हा मिळणारी नव्हती.

तेव्हा निवडताना चार गोष्टी विचारा. एक, यंत्र किती टनांचं हे नंतर. ते तासाला किती पाणी काढेल, हे आधी. आतल्या हवेचा दवबिंदू साधारण १५ अंश येतो, कॉइल त्याहून चांगलीच गार हवी आणि तिच्या नळ्यांच्या ओळी पुरेशा हव्यात. दोन, कॉइलवरून हवा सेकंदाला अडीच मीटरच्या आसपास जावी. फार वेगाने गेली तर थेंब उडून डक्टमध्ये जातात. तीन, खाऱ्या वाऱ्याने ॲल्युमिनियमच्या पात्या झिजतात, म्हणून त्यांवर संरक्षक लेप आणि खाली स्टेनलेस स्टीलचं पाण्याचं तबक हवं. चार, निचऱ्याच्या नळीला पुरेसा खोल यू-ट्रॅप हवा. नाहीतर पंखा आतून हवा ओढतो, पाणी तबकातच तुंबतं आणि तिथेच बुरशी वाढते.

आपल्या जुन्या घरांत पडवी होती, उंच कौलं होती, वाऱ्याला वाट होती. ओलावा यायचा तसा वाऱ्याबरोबर जायचा. काचा लावून आपण ती वाट बंद केली. मग ते काम यंत्राकडे आलं, आणि यंत्राला ते काम नीट सांगणं आपल्याकडे. नागपूरच्या गिरणीत हवेला पाणी द्यावं लागलं. इथे ते काढून घ्यायचं आहे. हवा तीच, प्रश्न उलटा. आता तुमचे प्रश्न घेऊ.