ही परी कोण?

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. म्हणजे नावे आणि जमा यांतला फरक मला कळतो. त्यापलीकडच्या विद्वत्तेची जबाबदारी माझ्यावर नाही. तरीही रेणापुरात बँकेच्या काउंटरवर बसून माझा लॅटिनशी संबंध येतोच. परवा एक वयस्कर मामा पुतण्याच्या डाळमिलच्या कर्जाला जामीन राहायला आले. कराराच्या कागदात ‘पॅरी पासू’ असे शब्द होते. मी वाचून दाखवले. मामा दचकले.

“सायब, ही परी कोण? तिलाबी जामीन घेताव का काय?”

परी नव्हे, म्हटलं. लॅटिनात त्याचा अर्थ ‘सारख्या पावलाने’. म्हणजे दोन कर्ज देणाऱ्यांचा एकाच तारणावर सारखा हक्क. मामांनी पिशवीतून एक जुनी नक्कल काढली. उर्दू अक्षरं, साल १३४० फसली. त्यात ५९० मिळवले की १९३० निघतं. एवढं गणित मला येतं.

निजामाच्या राज्यात १८८४ साली फारसी जाऊन उर्दू दरबारी भाषा झाली. आपल्या मराठी कुणब्याला त्याचं काय? तो आधीही मुद्दई नाहीतर मुद्दालेह होता, नंतरही तोच राहिला. निकाल काय लागला, ते त्याला वकिलाच्या चेहऱ्यावरून कळायचं. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामी संपली. शब्द मात्र कचेरीतच मुक्कामाला राहिले. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले होते, तरी अर्ज, वकील, जामीन, कर्ज, वसुली, जप्ती यांनी घर सोडलं नाही. आता तर ते आपलेच झालेत. लॅटिनातल्या ‘साइनी डाय’ला आपण ‘बेमुदत’ म्हणतो, ‘एक्स पार्टी’ला ‘एकतर्फी’. म्हणजे लॅटिन हाकलायला फारसीच धावून येते!

खुद्द इंग्रजांचीही तीच तऱ्हा. कोर्टात इंग्रजीत बोलावं असा कायदा त्यांनी १३६२ साली केला. तो लिहिला फ्रेंचमध्ये, आणि कामकाजाची नोंद ठेवायची लॅटिनमध्ये! पुढे १९९९ च्या सुधारणांत तिथल्या दिवाणी कोर्टांनी ‘इन कॅमेरा’सारखे शब्द काढून साधे इंग्रजी शब्द घातले. सहाशे सदतीस वर्षं लागली. आमच्या बँकेतही फायली इतक्या वेळ पडून राहत नाहीत.

“मामा, ही नक्कल कशाची?”

“आज्याला वाटलं, रान रहन ठिवलं. अंगठा देला. पैशे फेडाया गेला तवा कळालं, कागद बयनाम्याचा हाय.”

रहन म्हणजे गहाण, बय म्हणजे विक्री. दोन शब्दांत एक रान गेलं होतं.

मग मामांनी आमच्या कागदावर बोट ठेवलं. “पोरगं बुडालं तर माझं रान जातंय का?”

साहेबांच्या केबिनकडे एकदा बघितलं आणि म्हटलं, “जाऊ शकतं.”

“मंग एवढंच लिव्हायचं की मऱ्हाटीत!”

मामा घरी विचारायला गेले. चार दिवसांनी आले, कागद पुन्हा पहिल्यापासून वाचून घेतला आणि मगच सही केली. त्या वाचनात माझी जेवणाची सुट्टी गेली. ती कुठल्या खात्यात नावे टाकायची, ते अजून ठरलेलं नाही.