लोखंडी धावेपासून हवेच्या टायरपर्यंत
बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव बसवतात. ती टणक व अरुंद असल्याने सारा भार थोड्या जागेवर येतो आणि शहापूर-मुरबाडच्या पावसाळी चिखलात चाक रुतते. स्कॉटलंडच्या थॉमसन यांनी १८४५ मध्ये हवेच्या टायरचे पेटंट घेतले. ते विस्मरणात गेल्यावर १८८८ मध्ये डनलॉप यांनी तो नव्याने आणला. आपल्याकडे रबरी टायरच्या बैलगाडीला ‘डनलॉप’ हेच नाव पडले. हवेचा टायर दबतो, टेकणारी जागा वाढते, जमिनीवरचा दाब घटतो. खोल खाचांचा टायर चिखलात पकड घेतो. माळशेज घाटातल्या ओल्या डांबरावर मात्र त्याची पकड सहसा उणी पडते, इंधनही अधिक जळते. म्हणून पाड्यावरच्या शाळेत जाणाऱ्यांनी महिनाभर कच्च्या व डांबरी रस्त्याचे किलोमीटर वेगवेगळे नोंदवावेत आणि त्यावरून टायर निवडावा, असे आम्ही सुचवतो.