बाळाचा हिस्सा आणि आईचं नाव

आपल्याकडे मूल जन्मलं की पाचवीच्या रात्री सटवाईसमोर कोरा कागद आणि लेखणी ठेवायची रीत अनेक घरांत आहे. सटवाई काय लिहिते ते कुणाला वाचता येत नाही. पण बाळाच्या नशिबातला एक भाग आपल्याला वाचता येतो. घर, जमीन आणि पैशात त्याचा वाटा किती, हे कायद्यात लिहिलेलं आहे. तो वाटा आईच्या आणि लेकीच्या पदरात कसा आला, ते आज आम्ही सांगणार आहोत. बाळ लहान असतानाच आईबापांनी कोणते कागद करून ठेवावेत, तेही त्यातून कळेल.

सुमारे नऊशे वर्षांपूर्वी चालुक्यांच्या कल्याणीत, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बसवकल्याणला, विज्ञानेश्वर नावाचे पंडित होऊन गेले. त्यांनी 'मिताक्षरा' हा ग्रंथ लिहिला. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाला जन्मतःच हक्क असतो, हे त्यातलं मुख्य सूत्र. इंग्रजांच्या न्यायालयांनी आपल्या भागातल्या वाटण्यांसाठी हाच ग्रंथ मोठा आधार मानला. हक्क जन्माने मिळे, पण तो मुलग्यालाच. मुलगी जन्मली तर तिचं पालनपोषण आणि लग्न, एवढंच घराने बघायचं. नवरा गेला आणि मुलगे असले, तर विधवेला फक्त पोटगी.

१९३७ साली पहिला बदल झाला. नव्या कायद्याने विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेत मुलाइतका वाटा दिला, पण तो तिच्या हयातीपुरताच. तिला तो मनाप्रमाणे विकता येत नसे, आणि तिच्या मागे तो नवऱ्याच्या वारसांकडे जाई. लेकीला त्यातही काही नव्हतं.

पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू कोड बिल मांडलं. ते रखडलं, आणि १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्याच बिलातला वारसाहक्काचा भाग १९५६ साली कायदा झाला. मृत्युपत्र न करता माणूस गेला, तर त्याची बायको, आई, मुलगे आणि मुली यांना सारखे वाटे, असं त्यात ठरलं. बाईच्या वाट्याला आलेली मालमत्ता पूर्णपणे तिच्या मालकीची झाली. बाप गेला तेव्हा बाळ पोटात असेल आणि पुढे जिवंत जन्मलं, तर त्यालाही इतर मुलांइतकाच वाटा मिळतो. सात महिन्यांच्या गरोदर सुनेला 'तुझं इथे काय राहिलं?' असं विचारलं जातं, तेव्हा हे आठवावं. तिचा स्वतःचा वाटा आहे, आणि पोटातल्या बाळाचाही.

पण वडिलोपार्जित जमिनीत जन्मतःच हक्क १९५६ नंतरही मुलग्यालाच राहिला. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून तो लेकींनाही दिला, मात्र तोवर लग्न झालेल्या लेकी बाहेर राहिल्या. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभरच्या लेकींना तो मिळाला, लग्न झालेलं असो वा नसो. त्या दिवशी वडील हयात असायला हवेत का, यावर वाद चालले. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तशी अट नाही, कारण लेकीचा हक्क जन्माने येतो.

आता पालकत्वाचं बघू. १९५६ च्याच दुसऱ्या एका कायद्यात लिहिलं होतं की अज्ञान मुलाचा पालक बाप, आणि 'त्याच्यानंतर' आई. लेखिका गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावाने रिझर्व्ह बँकेचे रोखे घेताना पालक म्हणून स्वतः सही केली. बँकेने बापाची सही मागितली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९९९ साली निकाल लागला की 'त्याच्यानंतर' म्हणजे बाप मेल्यावरच असं नाही. बाप दूर असेल किंवा मुलाकडे बघतच नसेल, तर आई पालक आहे. बापाने मृत्युपत्रात दुसऱ्याला पालक नेमलं असलं, तरी तो गेल्यावर आई हयात आहे तोवर पालक तीच. आपल्यामागे मूल कुणी सांभाळायचं, हे तिलाही मृत्युपत्रात लिहिता येतं.

एवढे कायदे झाले, तरी गावात शब्द चालतो तो सातबाऱ्याचा. नवरा गेल्यावर दीर म्हणतो, 'वहिनी, इथे अंगठा द्या, नोंद करायचीय', आणि तो कागद हक्कसोडपत्राचा निघतो. म्हणून हक्क कागदावर आणणं हे वेगळं काम आहे. शेतकरी संघटनेच्या १९८६ सालच्या चांदवड अधिवेशनाला बायका मोठ्या संख्येने आल्या होत्या. पुढे संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती' ची हाक दिली आणि शेतकऱ्यांना बायकोच्या नावे जमीन करायला सांगितलं. १९९२ मध्ये सरकारनेही परिपत्रक काढलं. त्यानुसार नवऱ्याने स्वतः अर्ज केला तर सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहधारक म्हणून लागतं. आणि १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर बाळाच्या नावापुढे आधी आईचं नाव येतं, मग बापाचं.

तर मैत्रिणींनो, घरात बाळ आलं की एवढं करावं.

जन्माची नोंद २१ दिवसांत करावी. वारस ठरवताना पहिला पुरावा तोच.

नवराबायको दोघांनी आपापलं मृत्युपत्र करावं. त्याला स्टँपपेपर लागत नाही. सही किंवा अंगठा दोन साक्षीदारांसमोर करावा, आणि त्या दोघांनीही सही करावी. ज्याला काही मिळणार आहे तो साक्षीदार नसलेला बरा. नोंदणीची सक्ती नाही, पण दुय्यम निबंधकाकडे नोंदवलं तर पुढची भांडणं कमी होतात. आपल्यामागे मुलाचा पालक कोण, हेही लिहावं. एक लक्षात असू द्या, मृत्युपत्राने वाटा देता येतो तसा काढूनही घेता येतो. म्हणून घरातल्या कागदात काय लिहिलंय ते वाचून घ्यावं.

बँकेच्या खात्याला नॉमिनी लावावा. नॉमिनीच्या हातात पैसे येतात, पण त्याने वारसांचा हक्क जात नाही.

कुणी गेलं तर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. मूल अज्ञान असेल तर त्याच्या नावापुढे 'अ.पा.क.', म्हणजे अज्ञान पालक कर्ता, म्हणून तुमचं नाव लागलंय ना, ते बघावं. मूल १८ वर्षांचं झालं की अर्ज करून तो शेरा काढता येतो. मुलाच्या स्वतःच्या नावची जमीन आईबापालाही न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. एकत्र कुटुंबाच्या न वाटलेल्या जमिनीला मात्र हे संरक्षण तसं मिळत नाही. तिथे कर्ता काय करतोय, यावर नजर ठेवावी.

हे १९५६ चे कायदे हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख घरांना लागू आहेत. मुस्लीम आणि ख्रिस्ती भगिनींचे वारशाचे नियम वेगळे आहेत, आणि अनुसूचित जमातींना वारसाहक्काचा हा कायदा थेट लागू नाही. त्यांनी आणि ज्यांना शंका असेल त्या सगळ्यांनी तालुका विधी सेवा समितीत विचारावं. बाईला तिथे वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

गटाच्या पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपल्या घरचा सातबारा आणावा. त्यावर कुणाची नावं आहेत आणि कुणाची नाहीत, ते एकत्र बसून वाचू या.